सुरक्षा-पिन (कुलपातील)

किल्लीशिवाय तार घालून कुलूप उघडता येऊ नये म्हणून मुद्दाम कोरून घडवलेली पिन. पिनच्या कुलपात स्प्रिंगने दाबलेल्या पिनांच्या जोड्या असतात; योग्य किल्लीने प्रत्येक जोडीचा सांधा गाभ्याच्या कडेशी आला की गाभा फिरतो. या रचनेच्या आजच्या रूपाचे पेटंट अमेरिकेतील धाकट्या लायनस येलने १८६१ मध्ये घेतले.

सुरक्षा-पिन बहुधा स्प्रिंगच्या बाजूला बसते. सर्वांत प्रचलित पिन दोऱ्याच्या रिळासारखी, मध्ये बारीक असते. तार घालणाऱ्याने ताण दिला की ही कंबर कडेत अडकते, गाभा किंचित फिरतो आणि कुलूप उघडल्याचा भास होतो. पुढे सरकायचे तर ताण सैल करून गाभा उलटा येऊ द्यावा लागतो. त्यात आधी बसलेल्या पिनाही निसटतात. जुन्या कुलपात बदल करताना कडी उघडी ठेवून गाभा काढतात आणि स्प्रिंगकडच्या पिना बदलतात. किल्लीकडच्या पिनांचा क्रम चुकला तर स्वतःचीच किल्ली चालत नाही. एखादी साधी पिन राहू दिलेली बरी, म्हणजे तार घालणाऱ्याला आत काय आहे याचा अंदाज लागत नाही. रिव्हेट ठोकून बंद केलेल्या स्वस्त कुलपांत पिना बदलणे जमत नाही.

महाराष्ट्रात घरोघरी दिसणारे गोदरेजचे ‘नवताल’ मात्र लिव्हरचे, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्यांचे. त्यात अशा पिना नसतातच. लिव्हरच्या कुलपांत हेच काम काही वेळा खोट्या खाचांकडून करून घेतात.