लॅम्बटन, विल्यम

(सु. १७५३ – २० जानेवारी १८२३). ब्रिटिश लष्करी अधिकारी व भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक. यॉर्कशरमधील एका साध्या कुटुंबात जन्म. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तो सैन्यात शिरला. मात्र पुढची सुमारे तेरा वर्षे कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात बराकींची देखरेख करण्यात गेली. तेथे सूर्यग्रहण पाहताना एक डोळा अधू झाला. गणित व भूमापनाचा अभ्यास त्याने याच काळात केला, तोही स्वतःच.

चाळिशी उलटल्यावर तो ३३ व्या पायदळ पलटणीबरोबर भारतात आला. पलटणीचा प्रमुख आर्थर वेलस्ली. १७९९ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत रात्रीच्या कूचमध्ये जनरल बेअर्डची तुकडी उलट्या दिशेने, थेट म्हैसूरच्या टिपू सुलतानाच्या छावणीकडे निघाली होती. लॅम्बटनने ताऱ्यांवरून चूक ओळखली. बेअर्डचा विश्वास बसेना. त्याने काजवा पकडून त्याच्या उजेडात होकायंत्र पाहिले, असे सांगतात. लॅम्बटनची ही एवढीच लष्करी कामगिरी लक्षात राहण्याजोगी आहे.

टिपूच्या पाडावानंतर त्याने मद्रासपासून मलबार किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकण्याची योजना मांडली. ईस्ट इंडिया कंपनीला नकाशे हवे होते. लॅम्बटनला पृथ्वीचा नेमका आकार शोधायचा होता. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुमारे साडेसात मैलांच्या पायारेषेची मोजणी सुरू झाली. त्यासाठीची शंभर फुटी पोलादी साखळी मुळात चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेली होती. उन्हात पोलाद प्रसरण पावते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवून शेजारी तापमापक लावत.

कोन मोजणारा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा होता. इंग्लंडहून येताना तो फ्रेंचांच्या हाती लागला, पण त्यांनी सौजन्याने परत पाठवला. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. लॅम्बटनने तंबूत सुमारे सहा आठवडे बसून ते स्वतःच सरळ केले.

कन्याकुमारीपासून उत्तरेकडे निघालेला, रेखावृत्तावरील मोजणीचा कंस १८१५ पर्यंत बीदरला पोहोचला. १८१७ मध्ये लॅम्बटन रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. पुढच्या वर्षी कामाला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव व जॉर्ज एव्हरेस्ट हा मदतनीस मिळाला. नागपूरकडे जाताना वाटेत हिंगणघाट (आता जि. वर्धा) येथे क्षयाने लॅम्बटनचे निधन झाले. भारतात आल्यावर तो मायदेशी परतलाच नव्हता. जगातील सर्वांत उंच शिखराला नाव मिळाले ते एव्हरेस्टचे. लॅम्बटनची कबर हिंगणघाटला आहे.