खानापूरचे रान : एका गुहेच्या निमित्ताने



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मराठी लिहायला शिकलो, त्याच शाळेने मला आपल्या सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी बोलवावे, हा मी माझा बहुमान समजतो. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने एखाद्या संतकवीवर किंवा सीमाभागातील बोलीवर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज आपल्या खानापूर तालुक्याच्या रानाविषयी बोलणार आहे. कारण सरळ आहे. सर आम्हांला भूगोल शिकवीत, आणि त्यांचा भूगोल नकाशावर कमी व पायांखाली अधिक असे.

प्रारंभीच एक कबुली देतो. तीस वर्षे मी वर्गात निसर्गकविता शिकवली. कवितेतील पळस, कदंब आणि बकुळ यांवर तासन्‌तास बोललो. परंतु हेमाडग्याच्या वाटेवर उभा राहिलो तर ऐन कोणता, किंजळ कोणता आणि नाणा कोणता, हे मला गुराख्याच्या मुलाला विचारावे लागे. ग्रंथातला निसर्ग आणि दारातला निसर्ग यांच्यात पडलेले हे अंतर माझ्या एकट्याचे नव्हे, आपल्या साऱ्या सुशिक्षित वर्गाचे आहे. ते थोडे कमी व्हावे, हाच आजच्या व्याख्यानाचा हेतू.

बेळगावहून दक्षिणेकडे निघाले की पंचवीस-सव्वीस किलोमीटरवर खानापूर लागते. तेथून पश्चिमेकडे वळताच भूमीचा चेहरा बदलतो. काळ्या-तांबड्या शेतांच्या जागी जांभ्या दगडाचे सडे येतात, सड्यांच्या कडा अकस्मात तुटतात, आणि खाली दऱ्यांत इतके घनदाट रान पसरलेले दिसते की भर दुपारीही तळ दिसू नये. याच कड्यांवर आपल्या तालुक्याचे सर्वांत मोठे आश्चर्य आहे. ते आपल्या नित्य परिचयाचे असल्याने आश्चर्य वाटेनासे झाले आहे, इतकेच. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेची वाट धरते, सौंदत्तीजवळ धरणात विसावते, पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि तिच्यासह बंगालच्या उपसागराला जाते. तेथून फार दूर नसलेल्या देगावच्या रानात म्हादई उगम पावते; ती पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्राला मिळते. एकाच पावसाचे दोन थेंब, मध्ये एक डोंगरधार, आणि दोन समुद्र! सरांनी हे आम्हांला फळ्यावर शिकवले नाही. चोर्ल्याच्या बाजूला एका धारेवर उभे करून दोन्ही हात पसरले आणि म्हणाले, "अरे, माझा डावा हात एका समुद्राचा, उजवा दुसऱ्या समुद्राचा." तो धडा मी विसरलो नाही.

या रानाचा लिखित इतिहास पाहू गेल्यास तो बहुतांशी बाहेरून आलेल्यांनी लिहिलेला आहे. शिवकाळाशी नाते सांगणारा भीमगड गोव्याकडे उतरणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवून उभा राहिला. म्हणून बखरकारांना आणि इतिहासकारांना हे रान दिसले ते किल्ल्याच्या तटावरून. इंग्रजी अमदानीत ते महसुलाच्या चष्म्यातून दिसू लागले. येथील डोंगरउतारांवर कुमरीची शेती चाले. रानाचा एक तुकडा तोडायचा, पालापाचोळा जाळायचा, राखेत नाचणी पेरायची, आणि काही पिके काढून तो तुकडा पुन्हा रानाच्या स्वाधीन करायचा, अशी ती रीत. साहेबाला तिच्यात केवळ इमारती लाकडाचा नाश दिसला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुमरीवर निर्बंध आले. १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानाच्या सीमा आखल्या. आणि त्याच शतकाच्या अखेरीस लोंढ्याकडून कॅसलरॉकमार्गे मुरगावच्या बंदरापर्यंत लोहमार्ग जोडला गेला, तेव्हा रानातले लाकूड बाहेर जाण्याची वाट सुकर झाली. ज्या सत्तेने कुमरीवाल्याच्या कोयत्यावर बंदी घातली, तिनेच रानाच्या तोंडाशी रूळ आणून ठेवले, ही विसंगती इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

१८८४ साली बेळगाव जिल्ह्याचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. त्या काळच्या अधिकाऱ्यांनी किती कष्ट घेऊन माहिती गोळा केली, हे पाहून आदर वाटतो. परंतु अशा ग्रंथांत रान येते ते उत्पन्नाची बाब म्हणून आणि श्वापद येते ते शिकारीची बाब म्हणून. ज्याला रानात राहणाऱ्याने दिलेले नाव आहे, पण बाजारात किंमत नाही, असा जीव सरकारी दप्तरात क्वचितच शिरतो.

असाच एक जीव मात्र वेगळ्या दाराने इतिहासात शिरला. तळेवाडीच्या परिसरात बारापेडे नावाच्या गुहा आहेत. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ साली हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांची पाहणी हाती घेतली. या कामामागे रॉबर्ट चार्ल्स रॉटन हा मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील निवृत्त अधिकारी होता. त्या पाहणीच्या काळात, १९१२ साली, पुढे भारतीय प्राण्यांवरील ग्रंथामुळे प्रसिद्ध झालेले एस. एच. प्रेटर यांना बारापेड्याच्या गुहेत एक अनोळखी वटवाघूळ मिळाले. लंडनच्या संग्रहालयातील ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला रॉटनचे नाव दिले. लांब, पुढे झुकलेले मोठे कान, गडद तपकिरी अंग आणि मानेमागे फिकट पट्टा, अशी त्याची खूण. त्यानंतर कित्येक दशके हे वटवाघूळ जगाच्या पाठीवर अन्यत्र कोठेही असल्याचे ठाऊक नव्हते. अलीकडे मेघालयातील गुहांत आणि कंबोडियात ते आढळले आहे. तरीही शास्त्राच्या दृष्टीने त्याचे मूळ घर आपल्या तालुक्यातील ती गुहाच.

आता जे सांगणार आहे ते साठ वर्षे मनात ठेवले होते. १९६४ च्या हिवाळ्यात सर आम्हां पंधरा-वीस मुलांना तळेवाडीच्या बाजूला घेऊन गेले. वाटेत शेकरूने फांदीवरून आम्हांला यथेच्छ दटावले. एका ओहोळाच्या चिखलात गव्यांची पावले होती. डोक्यावरून धनेशांची जोडी गेली तेव्हा पंखांचा आवाज भात्यासारखा झाला. मुले आनंदाने वेडी झाली होती. गुहेच्या तोंडाशी सर मागे राहिलेल्या मुलांना आणण्यासाठी थोडे परतले, आणि आम्ही चौघांनी वाळल्या गवताची चूड पेटवून आत नेली. चूड माझ्या हातात होती. धूर झाला. छतावरचा अंधार एकदम हलला आणि अंगावर कोसळला. आम्ही ओरडत, हसत बाहेर पळालो. आत काही जीव जमिनीवर पडले होते.

सर आले. काय झाले ते त्यांना वासावरूनच कळले. त्यांनी आत जाऊन एक मेलेले वटवाघूळ रुमालावर उचलून आणले आणि माझ्यासमोर धरले. एवढेच म्हणाले, "याचे कान बघ. इतक्या कानांना तुझा आरडाओरडा केवढा वाटला असेल." दुसरी शिक्षा त्यांनी केली नाही. परतीच्या वाटेवर कोणी बोलले नाही. पुढे कित्येक वर्षांनी एका पुस्तकात रॉटनच्या वटवाघळाचे चित्र पाहिले. चेहऱ्यावर झुकलेले ते कान मी तत्काळ ओळखले. जगात ज्याचे एकच घर ठाऊक होते, त्या घरात मी आग घेऊन गेलो होतो.

हा प्रसंग पश्चात्तापाचे प्रदर्शन करण्यासाठी सांगितला नाही. त्या काळी आम्हां मुलांना तो अपराध वाटण्याचे कारणच नव्हते. शिमग्याच्या दिवसांत गावे पारधीला निघत. बेळगावातील प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यांत सांबराची शिंगे टांगलेली असत. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यातही फळे खाणाऱ्या वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. त्याच कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, वाघ आणि गवा यांच्या पंक्तीला, पुढे रॉटनच्या वटवाघळाला स्थान मिळाले. समाजाची दृष्टी बदलते. पण ती आपोआप बदलत नाही. कोणीतरी रुमालावर मेलेला जीव उचलून आणून दाखवावा लागतो.

डिसेंबर २०११ मध्ये या परिसरातील सुमारे १९० चौरस किलोमीटर क्षेत्र भीमगड अभयारण्य म्हणून घोषित झाले. पलीकडे गोव्यात म्हादई अभयारण्य १९९९ पासूनच होते. दक्षिणेला काळी व्याघ्रक्षेत्र, म्हणजे पूर्वीचे दांडेली-अणशी, आहे. नकाशावर ही तीन नावे, दोन राज्ये आणि अनेक हद्दी आहेत. वाघाच्या दृष्टीने ते एकच रान. २०२० च्या जानेवारीत गोव्याच्या बाजूला गोळावली येथे एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले, तेव्हा हानी केवळ गोव्याची झाली नाही. १९५६ पासून सीमेच्या प्रश्नाने ज्यांचे आयुष्य व्यापले, त्या आपल्या पिढीला तरी हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

परंतु श्रोतेहो, येथेच एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून रानाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गवळी, पास्तोली, कोंगळा, देगाव, कृष्णापूर, तळेवाडी ही गावे या अभयारण्याच्या पोटात आहेत. पावसाळ्यात ओढे चढले की त्यांचा जगाशी संबंध तुटतो. आजारी माणसाला खाटेवर घालून मैलोगणती चालत आणावे लागते. शेतावर जाणाऱ्याला अस्वलाची धास्ती असते. २०२५ साली तळेवाडीच्या काही कुटुंबांनी सरकारी भरपाई स्वीकारून गाव सोडण्यास संमती दिली. कोणी म्हणेल, रानाचे भले झाले. कोणी म्हणेल, माणसांचे भले झाले. कोणी म्हणेल, २००६ च्या वनहक्क कायद्याने दिलेले हक्क हाती पडण्याआधीच माणसे निघाली. या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, असे मला वाटते. मात्र बेळगावात पक्क्या घरात राहून, आठवड्याच्या सुट्टीला धबधबा पाहण्यास जाणाऱ्या मजसारख्याने "त्यांनी राहावे" किंवा "त्यांनी जावे" असा निकाल देऊ नये. जे जातील ते स्वेच्छेने जावेत, आणि जे राहतील त्यांना रस्ता, दवाखाना व शाळा नाकारून जाण्यास भाग पाडले जाऊ नये, एवढे मात्र आपण ठामपणे म्हटले पाहिजे.

पाण्याचीही तीच गत. म्हादई जलतंट्याच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. कर्नाटकाच्या वाट्याला आलेल्या १३.४२ टीएमसी पाण्यापैकी ३.९० टीएमसी कळसा व भांडुरा नाल्यांतून मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्याची मुभा त्यात आहे. त्याविरुद्ध राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. पूर्वेकडील गावांची आणि हुबळी-धारवाडची तहान खरी आहे; गोव्याची भीतीही खरी आहे. या वादात ज्याची बाजू मांडणारा वकील नाही, तो पक्षकार म्हणजे ज्या रानातून हे नाले निघतात ते रान. सरांनी दोन हात पसरून दाखवलेली ती धार आता अभियंत्यांच्या आराखड्यावर आली आहे, हे आपणांस ठाऊक असावे.

मग आपण काय करावे? मी भाषेचा माणूस. माझे उत्तरही भाषेतूनच येणार. गाव उठते तेव्हा घरांबरोबर शब्दही उठतात. कोणत्या कोंडात मासे राहतात, कोणत्या देवराईत कोयता नेत नाहीत, कारवी मागे कोणत्या वर्षी फुलली, अस्वल कोणत्या झाडाखाली येते, हे ज्ञान गॅझेटियरात नाही, ते तेथल्या वृद्धांच्या बोलीत आहे. ती बोली मराठी आहे, तिच्यात कोकणीचे आणि कन्नडचे सूर आहेत, आणि ती आपल्या शाळेपासून दोन तासांच्या अंतरावर आहे. माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती अशी की, या शाळेतील मुलांना दरवर्षी वनखात्याच्या रीतसर परवानगीने रानाच्या कडेच्या गावांत न्यावे, आणि प्रत्येक मुलाने एका वृद्धाकडून दहा झाडांची आणि दहा जनावरांची नावे लिहून आणावीत. दहा वर्षांत या शाळेच्या ग्रंथालयात असा एक ग्रंथ तयार होईल, जो कोणत्याही विद्यापीठात नाही. पहिल्या वहीचा खर्च मी माझ्या निवृत्तिवेतनातून देईन.

रानाचा आनंद घ्यायला मी कोणाला मना करीत नाही. तो अवश्य घ्यावा. आमच्या सरांनी आम्हांला तो भरभरून दिला. फक्त गुहेच्या तोंडाशी पोहोचल्यावर हातात चूड नाही ना, एवढे पाहावे.

 सरांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून माझे व्याख्यान पूर्ण करतो.