रद्दीत गेलेला हजेरीपट

माझ्या संग्रहात खाणींच्या इतिहासाविषयीची तीनशेच्या वर जुनी पुस्तके आहेत. बहुतेक बाजारातून नाहीशी झालेली. त्यांतले पहिले मी विकत घेतले नव्हते, रद्दीच्या राशीतून उचलले होते.

ही १९९२ सालची गोष्ट. रामटेकच्या बाजूला एका मँगनीज खदानीचे जुने ऑफिस रिकामे केले जात होते. (आमच्याकडे खाण कोणी म्हणत नाही, खदानच म्हणतात.) माझे वडील तिथे हजेरी कारकून होते. दोनच वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. ओळखीच्या चौकीदाराचा निरोप आला म्हणून मी सायकलने गेलो. व्हरांड्यात लाल कापडी बांधणीच्या हजेरीपटांची कमरेइतकी रास होती आणि रद्दीवाला काटा लावून बसला होता. राशीच्या कडेला एक जाड इंग्रजी पुस्तक पडले होते. त्याची कातडी पाठ सुटली होती आणि नकाशे गेले होते. मी ते मागितले, चौकीदार म्हणाला, ‘‘घेऊन जा.’’ हजेरीपट मी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. त्यांत माझ्या वडिलांचे अक्षर होते.

ते पुस्तक म्हणजे लुईस ली फर्मोर यांच्या भारतातील मँगनीज साठ्यांवरील ग्रंथाचा एक भाग होता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘मेमॉयर्स’ मालेचा हा सदतिसावा खंड १९०९ मध्ये निघाला. चार भाग आणि हजाराहून अधिक पाने. फर्मोर १९०२ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी सर्वेक्षणात रुजू झाले होते. तेव्हा मध्य प्रांतात मँगनीजची धामधूम नुकतीच सुरू झाली होती. पोलाद करताना मँगनीज वितळलेल्या धातूतला प्राणवायू आणि गंधक बांधून घेते, त्याशिवाय पोलाद ठिसूळ होते. जगाचा मोठा पुरवठा तेव्हा रशियाच्या ताब्यातील कॉकेशसमधून होई. १९०५ च्या उठावाने तो विस्कळीत झाला आणि विलायती कारखानदारांची नजर नागपूर, भंडारा, बालाघाटकडे वळली.

मी भूशास्त्र शिकलेला नाही. दिवसा कचेरीत नोकरी आणि रात्री शब्दकोश घेऊन फर्मोर, असे दोन-तीन वर्षे चालले. मला धरून ठेवले ते त्यातल्या गावांच्या नावांनी. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, काचरवाही ही आमच्या एस.टी.च्या पाटीवरची नावे. फर्मोरनी नवीन वाटलेल्या खनिजांना नावे देताना काही गावेही घेतली. बेलडोंगरीवरून ‘बेलडोंग्राइट’ आणि छिंदवाड्याकडच्या सीतापारवरून ‘सीतापाराइट’.

ही नावे पुन्हा पुन्हा वाचताना त्यांतली उतरंड लक्षात आली. सर्वेक्षणाचे संचालक हॉलंड यांच्यावरून ‘हॉलंडाइट’. आधीच्या पिढीतले भूवैज्ञानिक ब्लॅनफर्ड यांच्यावरून ‘ब्लॅनफोर्डाइट’. झाबुआकडच्या काजळीडोंगरी खाणीत ज्या विंच नावाच्या गृहस्थांना एक निळसर खनिज आढळले, त्यांच्यावरून ‘विंचाइट’. आणि ज्यांच्या मुलखात हे सगळे सापडले, त्या गोंडांवरून एका खडकाचे नाव ‘गोंडाइट’. साहेबांना प्रत्येकी एक खनिज, अख्ख्या जमातीला मिळून एक खडक. गोंडाइट हे नाव आजही शास्त्रात चालते. सीतापाराइट मात्र पुढे बिक्सबाइट या आधीच माहीत असलेल्या खनिजापेक्षा वेगळे नाही असे ठरले आणि एक गाव शास्त्राच्या पुस्तकातून पुसले गेले.

फर्मोरचे उरलेले भाग जमवायला मला अकरा वर्षे लागली. एक सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाला, एक मुंबईत फाउंटनला, शेवटचा कोलकात्याच्या कॉलेज स्ट्रीटवर. या नादात काही गोष्टी ठेचा खाऊन शिकलो. असे ग्रंथ सुट्या भागांत निघत आणि घेणारा ते आपल्या सोयीने बांधून घेई. त्यामुळे ‘पूर्ण खंड’ या शब्दावर विश्वास न ठेवता आधी अनुक्रमणिका आणि मग शेवटचे पान पाहायचे. आकृत्यांची यादी काढून एकेक पट मोजायचा. घडीचे नकाशे सर्वांत आधी जातात, कारण तेच विकले जातात किंवा कोणीतरी साइटवर नेतो. आता इंटरनेटवर यांतले पुष्कळ फुकट वाचता येते, पण स्कॅन करणाऱ्याने नकाशा बऱ्याचदा उलगडलेलाच नसतो. पडद्यावर फक्त घडीची पाठ दिसते. नव्याने छापून मिळणाऱ्या स्वस्त प्रतीही त्याच स्कॅनवरून निघतात. जुनी प्रत लागते ती यासाठी. वासासाठी नव्हे, कसरीचा वास काही सुखाचा नसतो.

पुस्तकांवर माझी अशी भिस्त असण्याचे कारण खाणीच्या स्वभावातच आहे. किल्ला पडला तरी चौथरा उरतो. खाण मात्र स्वतःचाच पुरावा खाते. उघड्या खदानीत नवा खड्डा जुन्याच्या पोटातून पुढे जातो, जुनी धाव, जुना रूळमार्ग, मजुरांची झोपडपट्टी त्यात जाते, आणि काम संपल्यावर पाणी भरते. चांदा जिल्ह्यातील वैरागडच्या हिऱ्यांचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त आहे. आज ते वाचून तिथे गेलेल्याला काय दिसणार? व्हॅलेंटाइन बॉल यांच्या १८८१ च्या भारतीय आर्थिक भूशास्त्रावरील ग्रंथासारखी पुस्तके नसती, तर देशभरातल्या अशा कित्येक जुन्या खाणींचा माग लागला नसता.

पण हे ग्रंथ इतिहासासाठी लिहिलेले नव्हते, भांडवलासाठी लिहिलेले होते. १८८२ च्या सुमारास रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यातील लोखंडाच्या उद्योगाला कितपत भवितव्य आहे यावर सरकारला अहवाल दिला. लोहाऱ्याच्या खनिजाची त्यात तारीफ होती. तेव्हा नागपुरात एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती तो पडला आणि पोलादाचे स्वप्न तिथून सुरू झाले. वरोऱ्याचा कोळसा भट्टीसाठी उपयोगी ठरला नाही, खाणकामाच्या सरकारी अटी जाचक होत्या, बेत बारगळला. पुढे साकचीला कारखाना उभा राहिला तो जमशेटजींच्या मृत्यूनंतर. असा अहवाल वाचणाऱ्याला दोनच प्रश्न असत : माल किती आणि तो काढायला खर्च किती. मजूर येतो तो खर्चाच्या रकान्यात. फर्मोरच्या तिसऱ्या भागात खाणकाम आणि अर्थकारण आहे. त्यात माझ्या आजीच्या वयाच्या रेजांचा शोध मी कितीदा घेतला. टनांचे आकडे मिळाले, बाई मिळाली नाही.

तशी बाई मला भेटली ती भलतीकडेच. जर्मन भाषक प्रदेशातल्या योआखिम्सथाल या खाणींच्या गावी वैद्यकी केलेल्या अ‍ॅग्रिकोलाचा ‘दे रे मेतालिका’ हा लॅटिन ग्रंथ १५५६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, बाझेलला छापला गेला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये हर्बर्ट हूवर आणि लू हेन्री हूवर या दांपत्याने केले. नवरा खाण अभियंता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष. बायको भूशास्त्राची पदवीधर आणि लॅटिन जाणणारी. माझ्याकडे आहे ते १९५० चे पुनर्मुद्रण, मूळ आवृत्ती माझ्या सात पिढ्यांना परवडणार नाही. त्याच्या आठव्या भागात एका लाकडी ठशात बायका लांब मेजाशी धातुक निवडत आहेत. नाव त्यांनाही नाही, पण चित्र काढणाऱ्याने त्यांचे हात नीट पाहिले होते. आमच्याकडच्या रेजा हेच काम उन्हात, जमिनीवर बसून, हातोडीने करीत.

त्यांची नावे होती ती फक्त एका ठिकाणी : हजेरीपटात. बाबा रोज पहाटे ती घेत. नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, मुकादम, भरलेला दिवस की अर्धा. कोणी आठ दिवस आले नाही की शेरा पडे : ‘बाळंत’, ‘गावी’, ‘मयत’. बाबांना मी एकदा सांगितले की ऑफिसातून पुस्तक आणले. त्यांनी ते हातात घेऊन परत दिले आणि विचारले, ‘‘मस्टरं काय केली त्यांनी?’’ रद्दीत गेली म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. त्या प्रश्नाचे वजन मला कळायला वीस वर्षे लागली, आणि तोवर बाबा राहिले नव्हते.

२०१२ पासून मी खरेदीची दिशा बदलली. आता मुख्य खाण निरीक्षकांचे वार्षिक अहवाल पाहतो. त्यांत अपघातात माणूस कसा मेला ते तरी असते. १९३१ मध्ये अहवाल देणाऱ्या शाही कामगार आयोगाने नोंदवलेल्या साक्षींचे खंड शोधतो. त्यांतला तिसरा मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा. आणि रविवारी वही घेऊन जुन्या कामगारांच्या घरी जातो. पत्र्याच्या पेटीतून पगाराची चिठ्ठी निघते, बिल्ला निघतो, कधी फक्त आठवण निघते. ऐंशीच्या पुढच्या एका मावशींनी मला आधी हसण्यावारी नेले. ‘‘पुस्तकात आमचं नाव कायले पाहिजे, बापू?’’ मग आपल्या मुकादमाच्या हाताखालच्या सतरा बाया त्यांनी बसल्या जागी सांगितल्या, बसायच्या क्रमाने. वहीत आजवर अशी २३८ नावे झाली आहेत. रद्दीत गेलेल्या एका वर्षाच्या पटातही याहून जास्त असतील.

विदर्भात, गोव्यात, कोळशाच्या पट्ट्यात, जिथे खाणी आहेत तिथे या अंकाचे वाचक आहेत. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या बंद पडलेल्या ऑफिसात अशी मस्टरं असतील. जुन्या इंग्रजी पुस्तकाला गिऱ्हाईक मिळते, ते कुठे ना कुठे टिकेल. हजेरीपटाची दुसरी प्रत नसते. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एकदा उघडून पाहा, आणि जवळच्या एखाद्या ग्रंथालयाला किंवा अभ्यासकाला विचारा. मी त्या दिवशी तेवढे केले नाही.