देशी पट, विलायती नियम

त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत बुद्धिबळग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. त्याच्या लांबलचक शीर्षकातच दोन गोष्टी नमूद आहेत: ग्रंथात मुख्यतः पटावरील बिकट स्थिती दिल्या आहेत आणि त्या युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतल्या आहेत.

हे जुळवणे किरकोळ नव्हते. देशी डावात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. राजा आणि हत्ती यांची जोडचाल नव्हती. त्याऐवजी राजाला एकदाच घोड्याची उडी मिळे. त्यामुळे फौजा उशिरा भिडत आणि दोन्ही खेळाडूंना निवांत मोर्चेबांधणी करता येई. विलायती प्यादे दोन घरे धावले की ही उसंत संपते.

पंजाबचा मीर सुलतान खान याच देशी नियमांवर वाढला. विलायती नियम त्याने तरुणपणी आत्मसात केले, १९२८ मध्ये अखिल भारतीय आणि १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. त्याची सुरुवात कच्ची, मध्य आणि अंत मात्र पक्के, असे समीक्षक सांगत आले. हा कच्चेपणा अज्ञान म्हणून नोंदवला गेला. मला तो दुसऱ्या व्याकरणाचा ठसा वाटतो (भाषांतरकारांना हा अनुभव नवा नसावा).

शास्त्रीबुवांनी आरंभाऐवजी स्थिती का निवडल्या असाव्यात, हेही यातून उमगते. डाव रंगल्यावर प्याद्याची धाव आणि राजाची उडी मागे पडलेली असते. प्याद्याच्या बढतीचा नियम वगळला, तर दोन्ही खेळ तिथे जवळपास एकच होतात.