शिवथरची घळ आणि एक ख्रिस्ती स्नेही

महाडाहून भोराकडे निघालेली वाट वरंध गावापाशी सह्याद्रीच्या पायथ्याला भिडते आणि तेथून घाट चढू लागते. याच डोंगरांच्या कुशीत शिवथरचे खोरे आहे. पावसाळ्यात धबधब्याच्या पडद्याआड जाणारी तेथील घळ हे समर्थ रामदासांचे एकान्तस्थान होय. दासबोधाची रचना तेथेच झाली व कल्याणस्वामींनी ती तेथेच उतरून घेतली, अशी रामदासी संप्रदायाची श्रद्धा आहे. धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० साली या घळीचा शोध लावला.

दासबोधाच्या चौथ्या दशकात नवविधा भक्तीचे निरूपण आहे. तीत आठवी भक्ती सख्याची. देवाशी मैत्री कशी जोडावी, हे सांगताना समर्थ व्यवहारातील मैत्रीचाच दाखला पुढे ठेवतात. ज्याच्याशी सख्य करावयाचे त्याच्या आवडीत आपली आवड मिळवावी आणि त्यापायी स्वतःच्या सुखावर पाणी सोडावे लागले तरी ते सोडावे, असा त्या समासाचा आशय आहे. ख्रिस्ती धर्मग्रंथातही याला जुळणारा प्रसंग आढळतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू आपल्या शिष्यांना यापुढे दास न म्हणता मित्र म्हणतो आणि मित्रासाठी प्राण देण्यापलीकडे प्रेम नाही असे सांगतो. दोन्ही धर्मांनी मैत्रीला अशी थेट देवघरात जागा दिली आहे. परंतु या दोन धर्मांची माणसे एकमेकांचे मित्र होऊ लागली की खरी अडचण उभी राहते. आणि त्यांतला एक जर धर्मप्रसारासाठीच सातासमुद्रांपलीकडून आलेला मिशनरी असेल, तर विचारावयासच नको. त्याने इमान कोणाशी राखावे? आपल्या धर्माशी राखले, तर मैत्री हे पाखरू धरण्याचे जाळे ठरण्याचे भय. मित्राशी राखले, तर आपल्या प्रभूशी बेइमानी झाल्याचा ठपका.

आरंभीच्या काळात हा प्रश्न फारसा पडला नाही, कारण तो काळ मैत्रीचा नव्हेच, वादाचा होता. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३० नंतर मुंबईत शास्त्री-पंडितांशी जाहीर वाद केले. पुढे १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर जे वाद गाजले, त्यांतील हिंदुधर्माचे कैवारी विष्णुबावा ब्रह्मचारी हे याच कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, शिरवलीचे. त्यांच्यासमोर जॉर्ज बोवेन उभे राहिले. बोवेन हे विरक्त वृत्तीचे अमेरिकन गृहस्थ. वेतन सोडून गरिबीत राहिले आणि १८८८ साली मुंबईतच वारले. या वादांचा वृत्तान्त बोवेन यांनीच इंग्रजीत प्रसिद्ध केला. प्रतिपक्षाचे म्हणणे लिहून ठेवून छापणे ही काही लहान गोष्ट नव्हे. तथापि वादात ऐकून घेणे असते ते उत्तर देण्यापुरते. मित्राचे ऐकणे निराळे.

ते निराळे ऐकणे ज्यांच्या ठायी पुरते दिसते, ते डॉ. जस्टिन ॲबट. त्यांचा जन्म १८५३ सालचा, अमेरिकेतील पोर्ट्समथ गावचा. वडील एमॉस ॲबट यांनीही अमेरिकन मराठी मिशनतर्फे नगर भागात काम केले होते. मराठीचा संबंध अशा रीतीने घरातच होता. जस्टिन ॲबट १८८१ साली मिशनरी म्हणून आले आणि सुमारे तीस वर्षे मुंबईत राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या देवळात नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो ॲबटांच्याच काळात. टिळकांनी तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून न घेता तुकारामजी नथोजी या एतद्देशीय पाळकाच्या हातून घेतला. ज्यांनी इतके दिवस वाट पाहिली, त्यांनीच त्या क्षणी मागे उभे राहावयाचे! याचा विषाद न मानणे हीदेखील मैत्रीची एक परीक्षाच म्हणावयाची.

टिळक पुढे उघडपणे सांगत की, आपण तुकोबाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी अभंग सोडला नाही, कीर्तन सोडले नाही. त्यांच्या घरची एक हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या सतरा वर्षांच्या मुलास ‘बालकवी’ हे नाव मिळाले. टिळकांनी त्याला नगरास आपल्या घरी आणले व लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागविले. असा हळवा, निराधार, मन वळविण्यास सोपा मुलगा एका ख्रिस्ती उपदेशकाच्या घरी राहिला. तरी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला तोपर्यंत तो हिंदूच होता. टिळकांनी आपला ख्रिस्त त्याच्यापासून लपविला नाही, तसा त्याच्यावर लादलाही नाही. स्नेहाची किंमत वसूल करावयाची नसते, हे त्या दांपत्याला कोणी शिकवावे लागले नाही.

ॲबटांच्या उत्तरायुष्यातील कार्यामागे टिळकांचा सहवास होता असे मानण्यास जागा आहे. मिशनचे काम सोडून ते मायदेशी परतले आणि न्यू जर्सीतील समिट या गावी राहिले. पेन्शन घेतलेला गोरा अधिकारी असता, तर शिकारीच्या आठवणी लिहीत बसला असता. ॲबटांनी मराठी पोथ्या उघडल्या. लंडनच्या मार्सडन संग्रहात त्यांना फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत आढळली. त्या शोधाचा लेख १९२३ साली प्रसिद्ध झाला. १६१६ साली गोव्यात रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाने मराठीची थोरवी गाइली आहे, हे सर्वश्रुतच आहे. स्वधर्मीयाच्या ग्रंथाची ही ओढ कोणासही समजेल. पण ॲबटांची खरी ओढ दुसरीकडे होती.

राहुरीजवळच्या ताहराबादचा महिपती (१७१५ ते १७९०) हा मराठी संतांचा चरित्रकार. भक्तविजय, भक्तलीलामृत, संतविजय ही त्याची ओवीबद्ध चरित्रे घरोघर वाचली जात. ती इंग्रजीत आणण्याचा संकल्प ॲबटांनी वयाच्या सत्तरीत सोडला आणि ‘महाराष्ट्रातील संतकवी’ अशी मालाच सुरू केली. १९२६ साली भानुदास निघाला, १९२७ साली एकनाथ, १९२९ साली बहिणाबाईचे आत्मचरित्र व अभंग, १९३० साली तुकाराम. या कामी त्यांचे साहाय्यक पुण्याचे पंडित नरहर गोडबोले हे होते. एक पुण्यात, एक समिटला; मध्ये दोन महासागर आणि टपालाच्या बोटीचे आठवडे. एक धर्मनिष्ठ ख्रिस्ती, दुसरा पुण्याचा ब्राह्मण पंडित. आणि दोघांच्या मध्ये पोथी.

या भाषांतरांत एक गोष्ट वाचकाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. महिपतीच्या पोथ्या चमत्कारांनी भरलेल्या आहेत: तुकोबाच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर येतात, एकनाथाघरी श्रीखंड्याच्या रूपाने देव पाणी भरतो. ॲबट तसे मानीत होते असे नव्हे. ते मूर्तिपूजक नव्हते आणि झालेही नाहीत. परंतु मजकुरात त्यांनी कातर चालविली नाही, उपहासाची टीप जोडली नाही, की पानाच्या तळाशी बायबलाचे वचन ठेवून प्रवचनही केले नाही. महिपती जे म्हणतो ते म्हणू दिले. मित्राचे बोलणे तिसऱ्या माणसाला सांगताना ते जसेच्या तसे सांगणे सोपे नसते. त्यातून आपल्याला न पटलेले बोलणे असेल तर मन हटकून कोठेतरी रेटा देते. ॲबटांनी तो रेटा दिला नाही. स्वधर्मीयांपैकी ज्यांना हिंदू संतांच्या स्तुतीत धर्मप्रसाराची हानी दिसत असेल त्यांना हे रुचले नसेल, आणि हिंदूंपैकी संशयी मंडळींना त्यातही काही डाव दिसला असेल. दोन्हीकडून ठपका येण्याचा धोका घेऊनच अशी मैत्री करावी लागते.

या मालेचा आठवा खंड रामदासांचा. संतविजयातील समर्थचरित्राचे हे भाषांतर १९३२ साली निघाले. शिवथरची घळ सापडून तेव्हा दोनच वर्षे झाली होती. रामदासांविषयी अमेरिकन मिशनमध्येच आधी लिहिले गेले होते; नगरचे विल्बर डेमिंग यांचा ‘रामदास आणि रामदासी’ हा इंग्रजी ग्रंथ १९२८ सालचा. डेमिंग अभ्यासकाच्या अंतरावरून पाहतात, अधूनमधून तुलनाही करतात. त्यांचा ग्रंथ उपयुक्त आहे. ॲबटांच्या खंडात मात्र बोलतो तो महिपती.

त्याच १९३२ साली ॲबट वारले. भक्तविजय आणि भक्तलीलामृताचा उरलेला भाग अजून छापून निघावयाचा होता. येथे मैत्रीचा दुसरा हात पुढे आला. पुण्याच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातील जे. एफ. एडवर्ड्स यांनी संपादनाचा भार घेतला आणि गोडबोले पंडितांनी आपले काम सोडले नाही. भक्तविजयाचे दोन खंड १९३३ व १९३४ साली निघाले, भक्तलीलामृताचा अकरावा खंड १९३५ साली. मालेच्या पूर्वीच्या खंडांवर मुखपृष्ठी एकट्या ॲबटांचे नाव येत असे. भक्तविजयाच्या खंडांवर ॲबट आणि गोडबोले अशी दोन नावे आली; अकराव्यावर ॲबट, गोडबोले, एडवर्ड्स अशी तीन. मृत सहकाऱ्याचे नाव पहिले ठेवून पंडिताला शेजारचे आसन देण्याचा हा क्रम ज्याने कोणी ठरविला असेल त्याला रीत कळत होती.

मालेतील कित्येक खंड पुढे दिल्लीच्या मोतीलाल बनारसीदास यांनी पुन्हा छापले. मराठी न जाणणारा अभ्यासक बहिणाबाईची ओळख अजूनही बहुधा त्याच पुस्तकातून करून घेतो.