डिस्टॉर्शन गिटारचे एफएम संश्लेषण

डिस्टॉर्शन गिटारचे एफएम संश्लेषण म्हणजे नखीने छेडलेल्या आणि ॲम्प्लिफायरमध्ये मुद्दाम विरूपित केलेल्या इलेक्ट्रिक गिटारसारखा लीड आवाज, खऱ्या गिटारचे ध्वनिमुद्रण न वापरता, फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशनच्या (एफएम) साहाय्याने निर्माण करण्याचे तंत्र होय. १९८० च्या दशकातील डिजिटल सिंथेसायझर आणि त्यानंतरच्या व्हिडिओ गेम यंत्रांच्या संगीतात हे तंत्र वापरले गेले.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगीतकार जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये कंपनाच्या प्रयोगांदरम्यान या तत्त्वाचा शोध लागला. त्यांचा शोधनिबंध १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानच्या यामाहा कंपनीने विद्यापीठाकडून या तंत्राचा परवाना घेतला व १९८३ मध्ये डीएक्स७ हा सिंथेसायझर बाजारात आणला. त्यात प्रत्येक स्वरासाठी सहा ऑपरेटर आणि त्यांच्या जोडणीच्या ३२ रचना उपलब्ध होत्या.

मूळ आवाजाचे स्वरूप

तार छेडताच तीव्र व बहुविध अधिस्वरांचा क्षणिक आघात होतो. त्यानंतर उच्च अधिस्वर लवकर विरतात आणि मूळ स्वर अधिक काळ टिकतो. ॲम्प्लिफायरवर क्षमतेपेक्षा अधिक भार आल्यास लहरीची शिखरे छाटली जातात. यामुळे दोन परिणाम घडतात. नवे अधिस्वर निर्माण होतात. तसेच मोठा व लहान आवाज यांतील अंतर कमी होऊन स्वर दीर्घकाळ जवळजवळ समान पातळीवर टिकतो. लहरीची दोन्ही बाजूंनी सारखी छाटणी झाल्यास प्रामुख्याने विषम क्रमांकाचे अधिस्वर वाढतात.

तत्त्व

एफएममध्ये मॉड्युलेटर नावाची लहर कॅरियर या दुसऱ्या लहरीची वारंवारता वेगाने बदलत ठेवते. परिणामी कॅरियरच्या दोन्ही बाजूंना, मॉड्युलेटरच्या वारंवारतेइतक्या अंतरावर, नवे घटक निर्माण होतात. शून्याखाली जाणारे घटक परावर्तित होऊन धन वारंवारतेत मिसळतात. कॅरियर व मॉड्युलेटर यांचे गुणोत्तर १:१ असल्यास सर्व अधिस्वर मिळतात, तर १:२ असल्यास केवळ विषम अधिस्वर मिळतात. गुणोत्तर साध्या पूर्णांकांचे नसल्यास आवाज घंटेसारखा होतो.

वारंवारतेतील कमाल बदलास मॉड्युलेटरच्या वारंवारतेने भागल्यास मॉड्युलेशन निर्देशांक मिळतो. उदाहरणार्थ, दोन्ही लहरी २२० हर्ट्झच्या व निर्देशांक ५ असल्यास लक्षणीय घटक सुमारे १,५४० हर्ट्झपर्यंत, म्हणजे मूळ वारंवारतेच्या सातपटीपर्यंत पोहोचतात. निर्देशांक वाढवल्यास आवाज अधिक तीक्ष्ण होतो. डीएक्स७ मध्ये फिल्टर नसल्याने आवाजाची तीक्ष्णता मॉड्युलेटरच्या पातळीवरूनच नियंत्रित केली जाते.

आवाजाची रचना

सामान्यतः रचना पुढील टप्प्यांनी केली जाते :

१. कॅरियरचा आरंभ तात्काळ व उतार संथ ठेवला जातो. यातून ॲम्प्लिफायरमुळे लांबलेल्या स्वराचा परिणाम साधतो.

२. १:१ गुणोत्तराच्या मॉड्युलेटरची पातळी आरंभी उच्च असते. ती झपाट्याने उतरून मध्यम पातळीवर स्थिरावते. ती शून्यावर आणल्यास साधी, स्वच्छ तार ऐकू येते.

३. मॉड्युलेटरला स्वतःच्याच निर्गमनाचा फीडबॅक दिला जातो. मध्यम फीडबॅकमुळे लहर करवतीच्या दातांसारखी होते. अतिरेक झाल्यास तिचे रूपांतर कर्कश गोंगाटात होते. यामाहाच्या यंत्रांत प्रत्यक्षात फेज मॉड्युलेशन वापरलेले असल्याने फीडबॅक वाढवूनही स्वराची उंची ढळत नाही.

४. उच्च गुणोत्तराचा आणखी एक मॉड्युलेटर अत्यल्प काळ कार्यरत ठेवल्यास नखीच्या आघाताचा भास होतो.

५. पट्टी दाबण्याचा जोर मॉड्युलेटरच्या पातळीशी जोडल्यास जोराने वाजवलेला स्वर अधिक खरखरीत होतो.

उंच स्वरांसाठी मॉड्युलेटरची पातळी कमी करावी लागते. अन्यथा वरचे घटक नमुनादराच्या निम्म्या मर्यादेपलीकडे जाऊन बेसूर रूपात परत उमटतात.

मर्यादा

खऱ्या गिटारमध्ये सर्व तारांचे संकेत एकत्र होऊन मगच विरूपित होतात. त्यामुळे दोन स्वरांच्या वारंवारतांच्या बेरजा व वजाबाक्यांइतके नवे घटक उमटतात. षड्ज-पंचमाच्या (२:३) जोडीत खालच्या स्वराच्या एक सप्तक खाली ऐकू येणारा भारदस्त स्वर याच प्रकारचा असतो. सिंथेसायझरमध्ये मात्र प्रत्येक पट्टीचा आवाज स्वतंत्रपणे निर्माण होऊन नंतर त्यांची केवळ बेरीज होते. म्हणून एकेरी लीड पटण्याजोगा वाटला, तरी दोन पट्ट्या एकत्र दाबल्यास तो गिटारपासून दूर जातो.

यावर एक उपाय म्हणजे एकाच पट्टीच्या आवाजात २ व ३ गुणोत्तराचे दोन कॅरियर ठेवून त्यांना १ गुणोत्तराचे मॉड्युलेटर जोडणे. अशा रचनेत खालच्या सप्तकातील घटक आपोआप निर्माण होतो. सिंथेसायझरचा एकत्रित आवाज खऱ्या डिस्टॉर्शन उपकरणातून नेणे हा दुसरा पर्याय आहे.

वापर

सेगा मेगा ड्राइव्ह या गेम यंत्रातील वायएम२६१२ या चिपमध्ये सहा एफएम वाहिन्या व प्रत्येकीस चार ऑपरेटर होते. टेक्नोसॉफ्टच्या 'थंडर फोर्स ४' (१९९२) या खेळाचे हेवी मेटल शैलीतील संगीत या चिपवर वाजते. डेक्स्ड या मुक्त सॉफ्टवेअरमुळे डीएक्स७ ची रचना आता संगणकावरही अभ्यासता येते.