रंधा, किसणी आणि न लागणारं दार



गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एकीच्या न्हाणीघराचं दार लागेनासं झालं. लाकूड फुगलं आणि कडी कोयंड्यापर्यंत पोचेना. घरात वयात आलेल्या दोन मुली. एकीने आंघोळ करायची आणि दुसरीने बाहेरून दार धरून उभं राहायचं, असं दीड महिना चाललं. सुतारदादांना चारदा निरोप गेला. पण एवढ्याशा कामासाठी त्यांनी तरी अर्धा दिवस का मोडावा? घरातली पुरुषमंडळी म्हणाली, "थांबा की, दिवाळीपर्यंत वाळेल आपोआप." शेवटी आमच्यातल्या एकीने माहेरून वडिलांचा जुना हातरंधा आणला. वीतभर लांब, एका हातात मावणारा. आम्ही चौघींनी मिळून दीड तासात दार लावलं. मुलींनी आतून कडी घातली तेव्हा आम्ही सगळ्या बाहेर उभ्या होतो, आणि कुणीच काही बोललं नाही.

नंतर मात्र खूप बोललो. ही वस्तू इतकी वर्षं आमच्या हातात का नव्हती? या प्रश्नामागे जाताना जे सापडलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी शब्दापासून. 'रंधा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत आजही तोच शब्द सुताराच्या रंध्यालाही वापरतात आणि स्वयंपाकघरातल्या किसणीलाही. आम्हाला हे कळलं तेव्हा हसू आलं, पण नीट पाहिलं तर ते अगदी बरोबर आहे. किसणीला भोक असतं, भोकाच्या कडेला धार असते, आणि नारळ किंवा गाजर तेवढंच कापलं जातं जेवढं त्या धारेपुढे येतं. रंध्याचंही तेच. सपाट तळ, त्यात एक फट, फटीतून केसभर डोकावणारं तिरकं पातं. विळी हवी तेवढी खोल जाते, रंधा जात नाही. त्याचा तळच त्याला आवरून धरतो. म्हणून नवख्या हातातही तो पटाशीपेक्षा कमी घात करतो.

ही युक्ती फार जुनी आहे. सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली इटलीतलं पाँपेई शहर गाडलं गेलं. तिथल्या उत्खननात रंधे मिळाले आहेत. रोमन काळातले रंधे जर्मनी आणि ब्रिटनमध्येही सापडले. त्यांची ठेवण पाहिली तर आपला सुतार ते लगेच ओळखेल.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याने 1514 मध्ये एक प्रसिद्ध चित्र कोरलं, 'मेलेन्कोलिया'. त्यात पंख असलेली एक बाई गालाला हात लावून विचारात बसली आहे, आणि तिच्या पायाशी करवत, खिळे आणि रंधा पडला आहे. ती खरी सुतारीण नव्हे, एका मनःस्थितीचं ते रूप आहे. तरी आम्हाला वाटलं, अवजारं पायाशी आणि हात गालाला, हे चित्र आपल्याही ओळखीचं आहे.

पुष्कळ शतकं रंधा म्हणजे लाकडी ठोकळाच होता. पातं पाचरीने घट्ट बसवायचं आणि हातोडीने टकटक करून कमीजास्त करायचं. ती टकटक हेच कसब, आणि ते वर्षानुवर्षांच्या सरावाने येई. 1860 च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या लेनर्ड बेली याने पातं पुढेमागे करायला स्क्रूचं चाक बसवलेले लोखंडी रंधे बनवले. 1869 मध्ये स्टॅन्ली कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला आणि असे रंधे जगभर गेले. त्याच घराण्यातले लहान रंधे एका हाताने चालवता येतात. त्यांचं पातं अधिक निजलेलं असतं, त्यामुळे लाकडाच्या तोडलेल्या टोकावरही ते नीट चालतात. म्हणजे घरच्या माणसाला वापरता येईल असा रंधा येऊन शंभराहून अधिक वर्षं झाली. मग घरातल्या बाईपर्यंत तो का आला नाही?

याचं एक उत्तर शाळेत सापडतं. फिनलंडमध्ये 1866 मध्ये गावच्या शाळांत हस्तकला सक्तीची झाली, ती मुलग्यांसाठी. मुलींच्या वाट्याला सुई आणि दोरा. शेजारच्या स्वीडनमध्ये नेस इथे ऑटो सालोमन याने 1870 च्या दशकापासून शिक्षकांना लाकूडकाम शिकवायला सुरुवात केली. तिथे देशोदेशीच्या शिक्षिकाही आल्या आणि पुरुषांप्रमाणेच हातात रंधा धरून शिकल्या. बायकांना जमत नाही, हा प्रश्न तिथेच निकालात निघाला होता.

आपल्याकडे बलुतेदारीत सुतार नांगर, कुळव, पाभर दुरुस्त करी आणि सुगीला खळ्यावर धान्य घेई. कसब आणि अवजारं बापाकडून मुलाकडे जात. दुसऱ्या जातीकडे ती गेली नाहीत, आणि घरातल्या मुलीकडेही नाहीत. 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद झाली. त्यानंतर डॉ. झाकिर हुसेन समितीने शाळेत शिकवायच्या मूलभूत हस्तोद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही घातलं. जातीचं काम शाळेत आणायचा तो मोठा विचार होता. पण आम्ही आमच्या गटात विचारलं, शाळेत कुणाकुणाच्या हातात रंधा आला? एकीचाही हात वर झाला नाही. शिवण मात्र सगळ्यांना होतं.

आता एक उलटी गोष्ट. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या एका कारखान्याने रसायनाने कोरलेल्या अतिशय धारदार बारीक दातांची पट्टी बनवली. नाव मायक्रोप्लेन. ती होती लाकूड घासून आकार द्यायला. 1994 मध्ये कॅनडात ओटावा इथे लोरेन ली या बाई संत्र्याचा केक करत होत्या. किसणी चालेना, म्हणून त्यांनी नवऱ्याच्या अवजारांच्या दुकानातली ती पट्टी घेतली आणि संत्र्याची साल किसली. साल भुरभुर पडली. त्यानंतर ते अवजार स्वयंपाकघरात इतकं खपलं की आज बहुतेकांना ते किसणी म्हणूनच माहीत आहे. सुताराची वस्तू स्वयंपाकघरात यायला एका बाईची गरज पुरली. मग आपली गरजही पुरेशी आहे.

म्हणून थोडं कामाचं. लाकूड पाण्याने लांबीला जवळपास वाढत नाही, रुंदीला फुगतं. म्हणून दार बहुधा कडीच्या उभ्या बाजूला अडतं. दार आणि चौकट यांच्यामध्ये कागद सरकवून पाहा. जिथे अडेल तिथे पेन्सिलने खूण करा. दाराखाली पाचर मारून ते हलू देऊ नका. खिळा आहे का ते आधी चाचपा, नाहीतर पात्याचा दात पडेल. पातं अगदी थोडं बाहेर काढा आणि तंतूंच्या दिशेने चालवा. लाकूड उचकटलं तर उलट्या दिशेने जा. दाराची वरची किंवा खालची कड तासायची असेल तर कोपऱ्याकडून आत या, बाहेर गेलात तर कोपरा फाटतो. रंध्याच्या पुढे बोट ठेवू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, जास्त तासू नका. पावसात पुरतं बसेल एवढं तासलंत, तर उन्हाळ्यात फट पडेल. कडी लागली की थांबा. पाऊस सरून लाकूड वाळलं की तासलेल्या कडेला रंग किंवा वार्निश द्या, वरच्या आणि खालच्या कडेलाही. नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा तेच. चौकटच कलली असेल किंवा बिजागरी निखळली असेल, तर मात्र सुतारदादांनाच बोलवा आणि त्यांचे पूर्ण पैसे द्या. त्यांचं कसब आपल्या चार ढलप्यांपेक्षा पुष्कळ मोठं आहे.

आमच्या गटाने आता वर्गणी काढून एक हातरंधा आणि धार लावायचा दगड घेतला आहे. तो पाळीपाळीने घरोघरी जातो. परवा त्या दोन मुलींतली धाकटी आली होती. शेजारच्या आजींच्या खिडकीची झडप अडते, म्हणून रंधा मागायला. आम्ही विचारलं, "बरोबर कुणी मोठं आहे का?" ती म्हणाली, "आई आहे ना."

तुमच्या घरात कोणतं दार अडतंय, ते आम्हाला जरूर कळवा.